दुखतं तिथेच लावायचं?

दुखेल तिथे काहीतरी लावावं, ही माणसाची फार जुनी सवय आहे. आंबेहळदीचा लेप, गरम मिठाची पुरचुंडी, उगाळलेली मुळी, खोबरेल तेलाचा हात आणि आता औषधाच्या दुकानातली ट्यूब. साधनं बदलली, पण हात जातो तिथेच जातो. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात घरातल्या फळीवर ज्या अर्धवट वापरलेल्या ट्यूबा सापडतात, त्यांत रक्त पातळ करणारं मलम बरेचदा असतं. कधीतरी दवाखान्यात सलाईन लावलेलं असतं, हाताची शीर सुजते, डॉक्टर मलम लिहून देतात. शीर बरी होते आणि उरलेली ट्यूब फळीवर जाते. पुढे आजीचा घोटा सुजला की ती ट्यूब निघते, सुनेची पोटरी दुखली की निघते, नातू झाडावरून पडला तरी तीच निघते. "रक्त साकळलंय, हे लाव," एवढ्या एका वाक्यात निदानही होतं आणि उपचारही.

मलम कसं वापरावं याच्या सूचना बहुतेक वेळा टोपण उघडल्यानंतरच्या असतात. किती घ्यायचं, किती वेळा लावायचं, नंतर हात धुवायचे. त्या हव्यातच, पुढे मीही त्या देणार आहे. पण या मलमाची सुरक्षितता टोपण उघडण्याआधी ठरते, असं माझं म्हणणं आहे. ते कशावर लावतोय आणि कुणाला लावतोय, हा प्रश्न कसं लावायचं यापेक्षा मोठा आहे. महाड-पोलादपूरसाठी तर तो फारच मोठा आहे, कारण इथे पाय सुजण्याची आणि पोटरी दुखण्याची कारणं नाना प्रकारची आहेत. त्यांतली काही जीवघेणी आहेत आणि सुरुवातीला ती सगळी जवळपास सारखीच दिसतात.

आधी ट्यूबमध्ये काय आहे ते पाहू. मुख्य औषध हेपारिन. १९१६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणाऱ्या पदार्थांचा शोध घेत होता. कुत्र्याच्या यकृतातून त्याच्या हाती लागला तो नेमका उलट गुणाचा, रक्त गोठू न देणारा पदार्थ. त्या कामातून हेपारिन पुढे आलं. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. श्रद्धेमुळे ज्यांना हे चालत नसेल, त्यांना ते आधी कळायला हवं.

हेपारिन साकळलेलं रक्त विरघळवतं, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. आपल्या रक्तातच गुठळी होऊ न देणारं एक प्रथिन असतं. हेपारिन त्याचा जोर कैक पटींनी वाढवतं. त्यामुळे नवी गुठळी बनत नाही आणि असलेली वाढत नाही. झालेली गुठळी विरघळवायचं काम शरीर आपल्या गतीने करतं. काही मलमांत हेपारिनबरोबर बेंझिल निकोटिनेटही असतं. त्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल होते, ऊब वाटते. रुग्णाला वाटतं, औषध आत पोचलं आणि कामाला लागलं. प्रत्यक्षात ती ऊब कातडीपुरतीच असते.

मग हेपारिन आत जातं तरी किती? फार थोडं. धडधाकट कातडीतून साधारण पाचशे डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहजी जात नाही, असा औषधशास्त्रातला ठोकताळा आहे. हेपारिनचे रेणू सरासरी बारा ते पंधरा हजार डाल्टनचे असतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानवाटांनी चालणाऱ्याला हीच गोष्ट जळू शिकवते. जळवेच्या लाळेतला रक्त गोठू न देणारा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हेक्राफ्ट यांनी १८८४ साली दाखवला, पुढे त्या पदार्थाला हिरुडिन हे नाव मिळालं. पण जळू ती लाळ कातडीवर नुसती पुसत नाही. ती आधी कातडी कापते. म्हणून तर जळू सुटून पडल्यावरही ते छिद्र कितीतरी वेळ वाहत राहतं. मलमाच्या वापराचा पहिला नियम यातूनच निघतो. कातडी शाबूत असेल तर औषध वरच्या थरापुरतं राहतं. कातडी फाटलेली असेल तर तो अडसर उरत नाही. म्हणून उघडी जखम, व्रण, सोलवटलेली कातडी, ओठ-नाकाच्या आतली नाजूक त्वचा, डोळ्यांच्या आसपास, यांपैकी कुठेही हे मलम लावायचं नाही.

असं असेल तर हे मलम उपयोगाचं कुठे? दोन ठिकाणी. एक म्हणजे सलाईनच्या सुईने किंवा इंजेक्शनने सुजलेली कातडीलगतची शीर. ती दोरीसारखी टणक लागते, लाल होते, दुखते. दुसरं म्हणजे कातडी न फाटता बसलेला मुका मार. या दोन्हींत आराम पडायला मलमाची काही मदत होते. पुरावा फार भक्कम नाही, पण जोखीमही थोडी आहे. अशा वेळी वापराची रीत सोपी आहे. जागा धुऊन कोरडी करावी. मलमाचा पातळ थर अलगद पसरावा. सुजलेली शीर जोर लावून चोळू नये, चोळण्याने दाह वाढतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल तितक्याच वेळा लावावं, सहसा दिवसातून दोनतीनदा पुरतं. वरून घट्ट पट्टी बांधू नये, शेक देऊ नये. नंतर हात धुवावेत. थोडी लाली आणि ऊब अपेक्षित आहे, पण खाज, पुरळ किंवा फोड आले तर मलम बंद करावं, कारण हेपारिनची ॲलर्जी कातडीवर उशिरानेही उमटते. तीनचार दिवसांत उतार पडला नाही किंवा लाली पसरत चालली, ताप आला, तर तिथे पू धरत असण्याची शक्यता असते आणि त्यावर या मलमाचा काही इलाज नाही. पूर्वी हेपारिनचं इंजेक्शन घेतल्यावर रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या होत्या, असं कुणाच्या कागदपत्रांत असेल, तर त्याने या मलमाला हातही लावू नये. रक्त पातळ करणारं हे औषध काही थोड्या लोकांत उलट गुठळ्या घडवतं आणि अशा माणसाला त्याची थोडी मात्राही नको.

इथवर वाचून कुणी म्हणेल, औषध कातडीत फारसं शिरतच नाही तर एवढा बाऊ कशाला? लावलं काय, न लावलं काय, नुकसान तर नाही! हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. त्यात एकच गोष्ट सुटते, वेळ. मलम लावलं की घरातली घाई संपते. उपचार सुरू झाला, उद्यापर्यंत वाट पाहू, असं सगळे मनोमन ठरवतात. मलमातलं हेपारिन रक्तात पोचत नाही, पण मलमाने आलेलं समाधान घराच्या निर्णयात थेट पोचतं. काही आजारांत या एका रात्रीची किंमत फार मोठी असते. असे तीन आजार या खोऱ्यात ठाण मांडून आहेत.

पहिला, पोटरीच्या खोल शिरेतली गुठळी. गणपतीला मुंबईहून निघालेला चाकरमानी महामार्गावरच्या कोंडीत पाय दुमडून तासन् तास बसतो. घरी पोचल्यावर एक पाय सुजलेला आणि जड वाटतो. हे बहुतेकदा प्रवासाच्या थकव्याने असतं, पण नेहमी नाही. बाळंतपण, शस्त्रक्रिया, मोडलेल्या पायाचं प्लॅस्टर, कर्करोग, अंथरुणात गेलेले दिवस, या सगळ्यांत खोल शिरेत गुठळी धरण्याचा संभव वाढतो. थकव्याने पाय दुखतात ते सहसा दोन्ही, गुठळीत मात्र बहुधा एकच पाय सुजतो, गरम लागतो आणि दुखतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, छातीत दुखतं आणि माणूस दगावू शकतो. हेपारिनने ती रोखता येते, पण त्यासाठी हेपारिन सुईने द्यावं लागतं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नेमक्या मात्रेत घ्याव्या लागतात. निदानाला डॉपलर सोनोग्राफी लागते. मलमावरही हेपारिनच लिहिलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो. नाव तेच असल्याने औषधही तेच असं वाटतं. असा पाय चोळत बसणं तर आणखी वाईट. मांडीच्या आतल्या बाजूने वर जांघेकडे सरकणारी कातडीलगतची टणक शीरही अशीच गंभीर धरावी. ती खोल शिरेला जाऊन मिळते.

दुसरा आजार लेप्टोस्पायरोसिस. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभं राहून कमरेत वाकलेल्या माणसाच्या पोटऱ्या दुखल्या नाहीत तरच नवल. पण उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून भिजलेल्या, चिरलेल्या कातडीवाटे शिरणाऱ्या या रोगाची ठळक खूणही पोटऱ्यांचं दुखणंच आहे. जोडीला ताप आणि लाल डोळे असतात. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि तिच्या उपनद्यांचं पाणी महाड शहरात शिरलं, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. असा पूर ओसरल्यावर गाळ उपसणाऱ्या प्रत्येक माणसाला हा धोका असतो. वेळेवर साधी, स्वस्त प्रतिजैविकं मिळाली तर तो बरा होतो. दिवस गेले तर कावीळ, लघवी कमी होणं आणि फुप्फुसात रक्तस्राव इथपर्यंत मजल जाते. या रोगात आणि डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, अंगावर मार न लागता लाल-निळे डाग उठतात. त्या डागांना 'रक्त साकळलंय' म्हणून त्यावर रक्त गोठू न देणारं मलम लावणं म्हणजे खुणेचा अर्थच उलटा लावणं.

तिसरा, या मातीतल्या जुन्या रहिवाशाचा, फुरशाचा दंश. हातभरही लांब नसलेला, मातीच्या रंगात मिसळून जाणारा हा साप गडग्याच्या दगडांत आणि पालापाचोळ्यात दबून असतो. कोकणात त्याची दहशत इतकी होती की एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकार मेलेल्या फुरशामागे इनाम देत असे. अंधारात पायाला काहीतरी चावतं. काटा टोचला असेल असं वाटतं, दाताची खूण बरेचदा दिसतही नाही. तासाभरात पाय सुजू लागतो. 'काटा लागला, रक्त साकळलं' म्हणून फळीवरचं मलम काढायला यापेक्षा सोयीची वेळ नाही आणि यापेक्षा चुकीचीही नाही.

फुरशाचं विष रक्ताशी जे करतं ते समजून घेण्यासारखं आहे. ते रक्त पातळ करायला येत नाही. उलट गोठण्याची साखळीच ते सुरू करून देतं. रक्तवाहिन्यांत बारीक बारीक गुठळ्या बनत राहतात आणि गोठण्यासाठी लागणारा कच्चा माल, फायब्रिनोजेन, संपून जातो. मग रक्त गोठेनासं होतं. हिरड्यांतून, जुन्या जखमांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही रक्तस्राव होतो. तोवर घरच्यांचा समज असतो की सूज उतरतेय, म्हणजे धोका टळला.

आधी गुठळ्या होतात, मग गुठळ्या रोखणारं हेपारिन द्या, असा विचार डॉक्टरांच्याही मनात आला होता. तो वेडगळ नव्हता. नायजेरियात फुरशाच्या जवळच्या नात्यातल्या सापाने दंश केलेल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. १९७६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हेपारिनचा फायदा दिसला नाही. फुरशाच्या विषामुळे गोठण्याच्या साखळीत जो मधला पदार्थ तयार होतो, त्याच्यावर हेपारिनची मात्रा नीट चालत नाही. शिरेतून दिलेलं हेपारिन जिथे हरलं, तिथे कातडीवर फासलेलं हेपारिन काय करणार? तिथे कामाला येतं ते प्रतिविष. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. त्याची गरज आहे की नाही हे ठरवायला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं ओघळलं, तर ते गोठत नाही. नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकच्या नळीत हा निकाल फसवा येतो. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

विषाचं दुसरं अंगही इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळा दोष औषधाच्या माथी मारल्यासारखं होईल. १९३४ साली ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅकफार्लेन यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला घोणसीचं अतिशय पातळ केलेलं विष जखमेवर लावून पाहिलं आणि ते उपयोगी ठरलं. फुरशाच्या विषातल्या एका घटकाचा अभ्यास करून हृदयविकाराच्या झटक्यात वापरलं जाणारं, प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणारं टिरोफिबान हे इंजेक्शन घडवलं गेलं. रक्त गोठवणारं आणि न गोठवणारं, दोन्ही सापांच्याच दातांतून निघालं. पदार्थ औषध आहे की विष, हे कुणाला, कधी, किती आणि कुठून दिलं यावर ठरतं. ट्यूबमधल्या हेपारिनला हा नियम लागू नाही असं मानायचं काही कारण नाही.

दुखतं तिथे आजार असतोच असं नाही, हे जगाला पटवण्यात महाडचा वाटा मोठा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने इथे माणसं, विशेषतः लहान मुलं मरत होती. दंशाची जागा भयंकर दुखते, म्हणून साऱ्या उपायांचा रोख त्या जागेवर असे. लेप, मंत्र, चिरा, भुलीचं इंजेक्शन, सगळं तिथेच. डॉ. बावस्कर रुग्णांच्या उशाशी तासन् तास बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम टिपत राहिले. मृत्यू होत होता तो हृदयावर आलेल्या ताणाने आणि फुप्फुसात पाणी भरल्याने. ऐंशीच्या दशकात त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरायला सुरुवात केली आणि गंभीर विंचूदंशातलं मृत्यूचं प्रमाण, जे एके काळी पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते झपाट्याने खाली आलं. महाडमधल्या या कामावरचे लेख लॅन्सेट आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामाचा गौरव आपण करतो, पण त्यातला विचार घरात आणत नाही. दंश पायाला आणि धोका छातीत, हे ज्या तालुक्याने सिद्ध केलं, त्याच तालुक्यात पोटरी दुखली की पोटरीवर मलम आणि घोटा सुजला की घोट्यावर मलम हा शिरस्ता चालू आहे. पाय दुखतोय आणि गुठळी फुप्फुसाकडे निघाली आहे, असं असू शकतं. पोटरी दुखतेय आणि मूत्रपिंड निकामी होतंय, असं असू शकतं. घोटा सुजलाय आणि साऱ्या अंगातलं रक्त गोठायचं थांबलंय, असंही असू शकतं. मलम यांतलं काहीच बिघडवत नसेल, पण सगळ्यांवर पडदा टाकतं.

आणखी एक वर्ग आहे, ज्याची संख्या गावागावांत वाढते आहे. हृदयाची झडप बदललेले, स्टेंट घातलेले, पक्षाघात येऊन गेलेले. यांच्यातले कुणी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेतात, कुणी वॉरफरिन किंवा त्याच्यासारख्या गोळ्या. अशा माणसाच्या अंगावर विशेष मार न लागता काळंनिळं उठलं, तर ती गोळ्यांची मात्रा जास्त होत असल्याची खूण असू शकते. तपासायचं असतं रक्त. तिथे मलम चोळून डाग घालवायचा प्रयत्न केला तर शरीराने दिलेली सूचनाच खोडली जाते. डोक्याला मार बसला असेल तर अशा रुग्णाने टेंगळाकडे पाहूच नये, सरळ रुग्णालय गाठावं.

मग यात चूक कुणाची? गावच्या माणसाला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि चुकीचं. बाहेरून लावायचं औषध निरुपद्रवी असतं हा समज खेड्यात जन्मलेला नाही, तो कायद्यातही मुरलेला आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांची यादी म्हणजे औषध नियमांतलं शेड्यूल एच. बाहेरून लावायच्या तयार औषधांना त्यातून मोठी सूट दिलेली आहे. या सुटीचा परिणाम स्टेरॉइडच्या मलमांत दिसला. गोरं दिसण्यासाठी, गजकर्णावर, वाटेल तिथे ती फासली गेली, चेहरे बिघडले, बुरशी चिवट झाली. अखेर २०१८ साली केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांची सूट काढून घेतली. हेपारिनच्या मलमाने तसा उत्पात माजवलेला नाही हे मान्य. पण 'वरून लावायचं म्हणजे बिनधास्त' हे गृहीतक एकदा खोटं ठरलं आहे, एवढं तरी लक्षात ठेवावं.

तर मग हेही मलम चिठ्ठीशिवाय मिळू नये का? ही मागणी मला पटत नाही. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीतून खाली यायला एसटीच्या एकदोनच फेऱ्या असतात, पावसात रस्ता खचला की त्याही नसतात. सलाईनने सुजलेल्या शिरेसाठी अशा माणसाला पुन्हा चिठ्ठी आणायला लावणं म्हणजे त्याचा दिवस आणि मजुरी बुडवणं. औषधाचा दुकानदार हाच कित्येकांचा पहिला, कधीकधी एकमेव सल्लागार असतो. हे वास्तव नाकारणारा नियम कागदावरच राहील आणि मलम मागच्या दाराने मिळत राहील. 'उपयोग नसलेलं औषध बाजारातून काढूनच टाका' असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. थोडा आराम हाही आराम असतो, फक्त तो योग्य जागी मिळाला पाहिजे.

माझी मागणी याहून लहान आणि म्हणून जमण्यासारखी आहे. दुकानदाराने ट्यूब देताना 'कशावर लावणार?' एवढं विचारावं. उत्तर सुई लागलेली शीर किंवा मुका मार असं आलं तर ट्यूब द्यावी, पाय सुजलाय असं आलं तर दवाखान्याची वाट दाखवावी. फार्मसीची पदवी आणि परवाना भिंतीवर लावला जातो तो याच कामासाठी. डॉक्टरांनी मलम लिहून देताना ते किती दिवसांनी बंद करायचं आणि उरलेल्या ट्यूबचं काय करायचं हेही सांगावं. कंपन्यांनी खोक्यावरच्या किडामुंगी इंग्रजीऐवजी जखमेवर लावू नये, एका पायाची सूज असल्यास डॉक्टरांना दाखवा, एवढी दोन वाक्यं ठसठशीत मराठीत छापावीत. आशाताई घरोघर जातातच. फळीवरच्या जुन्या ट्यूबा कोणत्या आणि कशाच्या, हे विचारणं त्यांच्या भेटीत बसू शकतं. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. तो यशस्वी व्हायचा असेल तर प्रतिविषाच्या कुप्या पुरवून भागणार नाही. सुजलेला पाय वेळेत त्या कुपीपर्यंत पोचला पाहिजे, आणि वाटेत घरची फळी लागते.

उरलं आपलं काम. ट्यूबचं टोपण उघडण्याआधी पाच प्रश्न विचारा. कातडी फाटली आहे का? एकच पाय सुजलाय का, किंवा धाप लागते आहे का? ताप आहे का? काहीतरी चावलं, टोचलं असण्याची शक्यता आहे का, किंवा हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतंय का? हा माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो का? पाचांची उत्तरं 'नाही' आली आणि ट्यूबची मुदत संपलेली नसली, तर मलम खुशाल लावा, पातळ थराने आणि थोडे दिवस. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर ट्यूब फळीवर परत ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. दंशाचा संशय असेल तर पाय बांधू नका, चिरू नका, चोळू नका, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि जिथे प्रतिविष आहे अशा रुग्णालयात न्या.